चाकांवरील घर आणि पिण्याचें पाणी

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें अमेरिकेंत स्थायिक झालीं आहेत. सुटींत आईवडील तिकडे गेले कीं त्यांस दूरचे डोंगर आणि सरोवरें दाखवावींत, अशी त्या मुलांची साहजिक इच्छा असते. त्यासाठीं कित्येकजण एक मोठी मोटार घेतात. तींत निजावयास जागा, शेगडी, शीतकपाट, भांडीं घासावयाची मोरी हें सर्व असतें. तीस मोटरहोम म्हणतात. आम्ही मोटारघर म्हणूं. नवें मोटारघर फार महाग पडतें, म्हणून वीस-पंचवीस वर्षें वापरलेलें घेण्याकडे पुष्कळांचा कल असतो. अशा जुन्या मोटारघरांतील पाण्याच्या फिल्टराविषयीं या महिन्यांत लिहावयाचें आम्हीं योजिलें आहे. विषय परदेशचा खरा. परंतु तें पाणी पिणार आहेत तीं आपल्याच घरचीं वृद्ध माणसें व तान्हीं मुलें.

आपल्याकडे पाणी गाळून पिण्याची चाल जुनी आहे. संन्याशानें वस्त्रगाळ पाणी प्यावें असा मनुस्मृतींत दंडक आहे. या चालींत तथ्य किती हें अलीकडे प्रयोगानें ताडून पाहण्यांत आलें. रीटा कॉलवेल व त्यांचे सहकारी यांनीं बांगलादेशांतील खेड्यांत केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. जुन्या साडीच्या निदान चार घड्या करून पाणी गाळलें असतां पटकीचे रोगी सुमारें ४८ टक्क्यांनीं घटले. अशा घडीचें छिद्र सुमारें २० मायक्रॉन भरतें. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मोटारघरांतील गाळ अडविणारा फिल्टर पुष्कळदां ५ मायक्रॉनचा असतो, म्हणजे साडीहून बारीक. मग भीति कशाची? भीति ही कीं, आपल्या घरचें गाळण्याचें फडकें रोज धुवून वाळत पडतें, आणि कपाटांत दडलेला फिल्टर वर्षानुवर्षें कोणी उघडून पाहत नाहीं.

पहिलें काम शोधाचें. मोरीवर मोठ्या नळाशेजारीं एखादा बारीक, निराळा नळ असल्यास त्याच्या खालून जाणारी नळी हातानें चाचपीत जावें. ती ज्या डब्यांत शिरते तोच फिल्टर. मोरीखालच्या कपाटांत तो दिसला नाहीं, तर कपाटाची मागची फळी व खणांखालची पट्टी स्क्रू काढून पाहावी. जागा वांचविण्यासाठीं नळ्या अशा फळ्यांमागें नेलेल्या असतात. तेथेंही नसल्यास, मुक्कामाच्या जागीं पाण्याची नळी बाहेरून जेथें जोडतात तो खण उघडावा. त्यानंतर पंप पाहावा. तो बहुधा पलंगाखालीं किंवा जेवणाच्या बाकाखालीं असतो. पंपाच्या तोंडाशीं तारेची जाळी असलेली लहान वाटी आढळते. ती पिण्याच्या पाण्याचा फिल्टर नव्हे, पंपाच्या रक्षणाची चाळण होय. तिच्यांतील गाळ धुवून टाकावा. शीतकपाटांत बर्फ करण्याची सोय असल्यास त्याच्या मागील नळींतही फिल्टर बसविलेला असूं शकतो. तेव्हां एक सांपडला म्हणून शोध थांबवूं नये.

दुसरें काम बदलण्याचें. आधीं पंपाचें बटण बंद करावें, बाहेरून येणारें पाणी तोडावें आणि नळ उघडून नळ्यांतील दाब जाऊं द्यावा. डब्याखालीं पातेलें ठेवावें. डब्याच्या डोक्यावर दाब सोडण्याचें बटण असेल तर तें दाबावें आणि मग डबा त्याच्यासाठींच मिळणाऱ्या पान्ह्यानें फिरवावा. ठोकाठोक करूं नये, जुनें प्लास्टिक तडकतें. कांहीं फिल्टर मात्र आंतून उघडावयाचे नसतात. ते पाव फेरा फिरवून सबंधच उतरतात. उभ्या डब्यांतील नळकांडें पुष्कळदां १० इंची असतें, तरी जुनें सोबत नेऊन माप जुळवावें हें उत्तम. डबा घासून धुवावा. त्याच्या तोंडावरील रबराचें कडें चिरलें असेल तर नवें घ्यावें, व खाण्याच्या वस्तूंस चालणारें सिलिकोनचें वंगण त्यास लावावें. डबा हातानेंच घट्ट बसवावा, पाणी सावकाश सोडावें, आणि सांधा कोरडा राहतो कीं नाहीं हें पाहावें. प्रथम येणारें काळसर पाणी कोळशाच्या पुडीचें असतें; तें स्वच्छ होईपर्यंत वाहूं द्यावें.

फिल्टरास काय साधत नाहीं, हेंही जाणून घेतलें पाहिजे. आंतील कोळसा क्लोरीनचा वास व चव काढतो. परंतु साध्या कोळशानें रोगजंतू मरतात असें नव्हे. उलट क्लोरीन निघून गेल्यावर महिनोन्‌महिने ओल्या राहिलेल्या कोळशांत जंतूंची वाढ होऊं शकते. म्हणून बनविणाऱ्यानें सांगितलेली मुदत पाळावी, आणि गाडी हंगामभर उभी राहिली असल्यास मुदत संपण्याची वाट न पाहतां नळकांडें बदलावें. टांकी निर्जंतुक करावयाची असेल तर नळकांडें आधीं काढून ठेवावें, नाहींतर कोळसा क्लोरीन शोषून घेईल. दर ५७ लिटर पाण्यास सुमारें ६० मिलिलिटर बिनसुगंधी घरगुती ब्लीच घालून तें पाणी सर्व नळांतून वास येईपर्यंत खेळवावें, चार तास राहूं द्यावें व मग टांकी भरपूर पाण्यानें धुवावी. हिवाळ्यापूर्वीं डबा रिकामा करावा. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्के फुगतें, आणि डबा फुटतो. जेथील पाणी संशयास्पद असेल तेथें फिल्टर असला तरी तें उकळूनच प्यावें.

वडीलधाऱ्यांस पाणी निवळ दिसलें कीं तें चांगलें वाटतें. तरुणांस यंत्र बसविलेलें आहे एवढ्यानें समाधान होतें. आमच्या मतें हे दोन्ही विश्वास अपुरे आहेत. एकत्र कुटुंबांत राहिलेल्यांस ठाऊकच आहे कीं, जें काम सर्वांचें तें कोणाचेंच होत नाहीं. यास्तव प्रवासास निघण्यापूर्वीं हें काम घरांतील एका माणसाच्या नांवें लावून द्यावें. तें माणूस सून असो, जांवई असो कीं पंधरा वर्षांचा नातू असो. फिल्टर कोठें आहे हें त्यास दाखवावें, आणि बदलल्याची तारीख डब्यावर त्याच्याच हातानें लिहवून घ्यावी. गाडी पुढें विकावयाची झाल्यास नव्या मालकासही ती जागा व ती तारीख सांगावी. त्याच्याही घरीं तान्हीं मुलें व वृद्ध माणसें असतील.