कर्ज देता, मग जागा कुणी द्यायची?

गावाकडून पोटासाठी शहरात आलेली आणि पाटी घेऊन रस्त्याकडेला बसलेली बाई आता सरकारी भाषेत ‘उद्योजिका’ झाली आहे. शब्द छान आहे. पण या उद्योजिकेने बसायचे कुठे, असे विचारले की सगळे गप्प होतात.

जून २०२० मध्ये केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आणली. पहिले कर्ज १० हजारांचे होते. २०२५ मध्ये ते १५ हजारांचे झाले. तारण लागत नाही, हप्ते वेळेवर भरले तर व्याजावर ७ टक्के अनुदान मिळते. मी वस्तीत काम करते. सकाळी ९०० रुपये उचलून संध्याकाळी १००० फेडणाऱ्या बाया मी पाहते, त्यामुळे या कर्जाला मी नावे ठेवणार नाही. माझे भांडण आहे ते नुसत्या कर्जालाच सक्षमीकरण म्हणण्याशी.

कारण एक खाते कर्जाची शिफारस करते आणि दुसरे खाते तिची हातगाडी उचलून नेते. भाजी सडते, हप्ता मात्र थांबत नाही. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की, सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्यांना उठवायचे नाही. जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा. हे किती बायांना कुणी सांगितले आहे?

मग येतात कागद. मुंबईत पात्रतेसाठी अधिवासाचा दाखला मागितला गेला. बाहेरून आलेल्या बाईला त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. घरमालक भाडेकरार करून देत नाही, वीजबिल त्याच्या नावावर, हिचे नाव लग्नानंतर बदललेले. पुरावा आणायचा कुठून? ‘परप्रांतीय’ म्हणून तिला हाकलू पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे : रस्त्यावर धंदा करणे हा, वाजवी निर्बंधांसह, नागरिकांचा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सोदान सिंग खटल्यात म्हटले आहे. आणि दुष्काळामुळे मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला आलेल्या बाईची पाटी तरी अतिक्रमणवाले तिची भाषा विचारून सोडतात काय?

तिसरी गोष्ट आपल्या जिव्हाळ्याची. धंदा बाई करते, प्रमाणपत्र नवऱ्याच्या नावावर निघते. तो वारला, आजारी पडला किंवा कायमचा अपंग झाला तर कायदा पत्नीला त्याच्या जागी बसू देतो. तो टाकून गेला तर? त्याबद्दल कायद्यात अक्षर नाही. परित्यक्तांच्या लढ्याला इतकी वर्षे झाली, तरी बाईने हक्कासाठी नवरा मरण्याचीच वाट पाहायची का?

मैत्रिणींनो, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, असे याच कायद्यात आहे. आपल्या संघटनांनी बचत गटाच्या वह्या तपासण्याइतक्याच चिकाटीने या जागांकडे लक्ष दिले पाहिजे. सर्वेक्षणाच्या वेळी आपण रस्त्यावर हजर राहू. जी विकते तिचेच नाव लिहिले गेले पाहिजे, असा आग्रह धरू. अधिवासाची अट काढा आणि परित्यक्तेला तिची जागा द्या, ही मागणी प्रत्येक मोर्चात नेऊ.

कर्ज जरूर द्या. पण आधी जागा द्या, आणि ती बाईच्या नावावर द्या.