कैदेतील जबानी आणि माणसाचा न्याय

परकीय अंमलाखाली सरकारी हुद्दा स्वीकारणाऱ्या मनुष्याचा न्याय, शत्रूच्या तपासकांनी त्याच्या तोंडून वदवून घेतलेल्या शब्दांवरून करावा, की हाती अधिकार असताना त्याने स्वेच्छेने जे केले त्यावरून करावा, हा प्रश्न चेक जनरल अलोइस एलियाश यांच्या चरित्राने जितक्या तीव्रतेने उभा केला आहे, तितका क्वचितच कोणी केला असेल.

मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या, बोहेमिया व मोराव्हिया हा ‘संरक्षित प्रदेश’ ठरला, आणि एप्रिलच्या अखेरीस या सेनानीने तेथील पंतप्रधानपदाची वस्त्रे स्वीकारली. वरकरणी पाहता ते जर्मन हुकमांची तामिली करणारे कारभारी होते. परंतु त्याच काळात भूमिगत संघटनांशी आणि लंडनमध्ये आश्रय घेतलेले माजी राष्ट्राध्यक्ष बेनेश यांच्याशी त्यांचे गुप्त संधान होते. सप्टेंबर १९४१ मध्ये त्यांनी जर्मनधार्जिण्या पत्रकारांना आपल्या कचेरीत पाचारण केले. त्यांच्यापुढे ठेवलेल्या ख्लेबिचकींमध्ये, म्हणजे पावाच्या कापांवर नाना जिन्नस रचून केलेल्या प्रागच्या आवडत्या फराळात, विष घातले होते असे इतिहासकार मानतात, आणि त्यांपैकी लाझ्नोव्स्की हा संपादक पुढच्याच महिन्यात दगावला. अतिथीच्या ताटात विष कालवणे हे कृत्य मला निःशंकपणे वंद्य म्हणता येत नाही. मात्र असे करणारा पुरुष खुर्चीच्या लोभाने शत्रूच्या पदरी राहिला होता, असे म्हणण्यास यानंतर जागा उरत नाही.

२७ सप्टेंबरला या प्रदेशाचा नवा जर्मन सत्ताधीश हायड्रिख प्रागमध्ये दाखल झाला आणि त्याच दिवशी एलियाश कैद झाले. शहरातील पेचेक नामक सावकार घराण्याची भव्य इमारत गेस्टापोने, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांनी, आपले ठाणे केली होती. तेथे जबानीसाठी आणलेले कैदी एका दालनातील बाकांवर, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, निश्चल बसविले जात, आणि त्या दालनाला कैद्यांनीच ‘सिनेमा’ असे नाव दिले होते. याच वास्तूत १ ऑक्टोबरला, अटकेपासून अवघ्या चार दिवसांत, बर्लिनच्या ‘लोकन्यायालया’चा अध्यक्ष टीराक याने एलियाश यांना देहान्ताची शिक्षा फर्मावली. याच न्यायालयाने दोषी ठरविलेले प्रागचे महापौर ओताकार क्लापका १९४० पासूनच कैदेत होते. ४ ऑक्टोबरला त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच सुमारास, चेक जनतेने जर्मनांशी सहकार्य करावे अशा आशयाचे एलियाश यांचे निवेदन वर्तमानपत्रांतून झळकले.

या निवेदनानेच त्यांच्या कीर्तीला डाग लागला, आणि माझी तक्रार आहे ती येथे. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून धरू नये, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने आपल्याकडे, तेही परकीय राजवटीत, बजावून ठेवले. मग मृत्युदंडाची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या, वकील मित्र कोणाचाही आधार नसलेल्या कैद्याचे शब्द ही त्याच्या अंतःकरणाची साक्ष कशी मानावी? विषप्रकरण तर त्या खटल्यात आलेच नाही. अर्थात जे दप्तर शत्रूने सिद्ध केले, त्यात शत्रूला उमगले तेवढेच सापडणार, आणि त्यावरून माणूस तोलणे म्हणजे फिर्यादीच्याच हाती तागडी देणे होय.

शिक्षेनंतर हायड्रिखने त्यांना ओलीस म्हणून कित्येक महिने जिवंत ठेवले. पुढे हायड्रिख स्वतःच चेकोस्लोव्हाक पॅराशूटधारी सैनिकांच्या हल्ल्यात जबर जखमी होऊन मरण पावला, त्याच्या सूडापायी लिदित्से हे चेक गाव बेचिराख झाले, आणि १९ जून १९४२ रोजी कोबिलिसीच्या गोळीबार मैदानावर एलियाश यांना ठार करण्यात आले. युद्ध संपले, राजवटी बदलल्या, तरी त्यांच्या वाट्याला दीर्घकाळ उपेक्षाच आली. मे २००६ मध्ये प्राग येथे शासकीय इतमामाने त्यांचा अंत्यविधी झाला. हा न्याय त्यांच्या देशाने त्यांना चौसष्ट वर्षे उशिरा दिला.