उरणाऱ्या विषाचा हिशेब

खरिपाची पिके वाढीला लागली, की नांदेड-लातूरच्या शिवारांत फवारणीचे पंप पाठीवर चढतात. कापूस व सोयाबीन यांवर या भागाचा संसार चालतो. तेव्हा औषध मारूच नका, असला उपदेश शेतकऱ्यास करणे आम्हांस शोभणार नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. कीड मेल्यावर जे विष उरते, त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा?

काही विषे लवकर विरतात, काही विरत नाहीत. डीडीटी दुसऱ्या जातीचे. ते वर्षानुवर्षे मातीत व गाळात राहते, किड्यांतून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत जाते, व प्रत्येक पायरीस त्याचा साठा वाढतो. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे त्याने पातळ होतात. अंडी उबवतानाच फुटतात. मेलेला पक्षी कोणास दिसत नाही. पिले मात्र दिसेनाशी होतात. शेतीतील डीडीटीवर १९८९ साली व एन्डोसल्फानवर २०११ साली बंदी आली. परंतु बंदीने विक्री थांबते, साठलेले विष नाहीसे होत नाही.

गिधाडांचा धडा ताजा आहे. गुरांना टोचलेले डायक्लोफेनॅक हे काही चिवट विष नव्हे. तथापि मृत जनावराच्या मांसात उरलेला त्याचा अंशही गिधाडांची मूत्रपिंडे निकामी करण्यास पुरला. कारण उमगले २००४ साली, बंदी आली २००६ साली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे देशात हजारास एक उरली.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचा माळढोक बहुधा एका वेळी एकच अंडे घालतो आणि टोळ-भुंगेरे खातो. माळ मोडले, विजेच्या तारा आल्या, ही त्याच्या ऱ्हासाची मोठी कारणे खरीच. परंतु इतक्या थोड्या उरलेल्या जातीस एका अंड्याची हानीही सोसत नाही. धोका मोजताना विषाची मात्रा पाहावी, तशीच ही सोसण्याची शक्तीही पाहावी.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गोदावरी व मांजरा यांचा गाळ, पैनगंगा अभयारण्यात सापडणारे मृत पक्षी आणि न फुटलेली अंडी यांची तपासणी परभणीचे कृषी विद्यापीठ व नांदेडचे विद्यापीठ यांच्याकडे सोपवावी. शासनाने खर्च द्यावा आणि निष्कर्ष दरवर्षी लोकांपुढे ठेवावेत. त्याच नद्यांचे पाणी आपणही पितो. पक्ष्यांसाठी नको वाटले, तर निदान स्वतःसाठी तरी हा हिशेब मांडला पाहिजे.