छपरावरची छत्री आणि करारातील कलम

कुर्डुवाडीच्या वस्तीत घराघरांच्या पत्र्यांवर ज्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून, वाऱ्याने ढळू नयेत म्हणून पायाशी दगड चेपून बसविलेल्या दिसतात, त्या दूरदर्शनच्या मोफत वाहिन्या ज्या जीसॅट-१५ उपग्रहाकडून घेतात, त्याच उपग्रहावर ‘गगन’ नावाची एक सरकारी मार्गदर्शन-यंत्रणाही बिऱ्हाडास आहे, ही गोष्ट त्या छत्रीखाली राहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल.

विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे आपल्या देशावरील आयनांबर विशेष चंचल असल्याने जीपीएसच्या संदेशांत जी चूक शिरते, ती जमिनीवरील १५ केंद्रांनी मोजावी, बेंगळुरूस तिची दुरुस्ती सिद्ध व्हावी आणि ३६,००० किलोमीटर उंचीवरून ती सर्व देशास पोहोचावी, अशी ही इस्रो व विमानतळ प्राधिकरण यांची संयुक्त योजना आहे. एप्रिल २०२२ मध्ये किशनगडच्या धावपट्टीवर प्रवासी विमान तिच्याच आधारे उतरविले गेले. आणि आपल्या जंक्शनातून जाणाऱ्या गाड्यांचा ठावठिकाणा कळावा म्हणून रेल्वेने इंजिनांवर जी यंत्रे बसविण्यास घेतली, तीही गगनचाच आधार घेतात.

स्वतंत्र उपग्रहाचा खर्च वाचविणारी ही बिऱ्हाडाची युक्ती मला पूर्णपणे मान्य आहे. परंतु घर कोसळले की बिऱ्हाडही जाते, हे एकट्या एप्रिल २०१० ने दोनदा दाखविले. त्या महिन्याच्या १५ तारखेस गगनची यंत्रणा घेऊन निघालेला जीसॅट-४ समुद्रार्पण झाला, आणि त्याआधी दहाच दिवस अमेरिकेची तशीच यंत्रणा वाहणारा गॅलक्सी-१५ हा खाजगी उपग्रह जमिनीवरील हुकूम मानीनासा होऊन आपल्या जागेवरून वाहू लागला.

आता तर जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कक्षेतील दहा दळणवळण-उपग्रह न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीच्या हवाली करण्याचा निर्णय घेतला असून, यापुढील उपग्रह व्यापारी हिशेबाने उभारले जाणार आहेत. अशा वेळी, व्यापारी हिशेबात गगनचे बिऱ्हाड टिकेल काय या विचाराने, मला फलाटावरचा तो टपालाचा तांबडा डबा आठवतो, ज्याच्या अंगच्या फटीत उशिराचे पत्र टाकण्यासाठी लहानपणी आम्ही गाडी सुटेपर्यंत धावत असू. ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या रुळांनी हे गाव नावारूपास आणले, तिला १८४९ च्या करारनाम्याने मोफत जमीन व पाच टक्के व्याजाची हमी मिळाली, तेव्हाच सरकारी टपाल विनामूल्य वाहण्याचे बंधनही त्याच कागदावर लिहून घेतले गेले. परकी सरकारने टपालासाठी जेवढी दक्षता बाळगली, तेवढी तरी आपल्या सरकारने विमानातील प्रवाशांसाठी बाळगावयास नको काय?

गगन वाहणारा जुना जीसॅट-८ मे २०११ चा, आणि ११ नोव्हेंबर २०१५ रोजी सुटलेल्या जीसॅट-१५ चे योजिलेले आयुष्य १२ वर्षांचे, म्हणजे मुदत नोव्हेंबर २०२७ पर्यंतची. तेव्हा दळणवळण-उपग्रहाच्या प्रत्येक नव्या करारात, गगनसाठी जागा किती, वीज किती, आणि जुना उपग्रह थकण्यापूर्वी किती महिने बदली उपग्रह जागेवर हजर असावयाचा, हे कलमवार नमूद करून तो करारनामा संसदेच्या पटलावर ठेवण्याची तजवीज याच वर्षी झाली पाहिजे.