कागलच्या पलीकडून
या आठवड्यात पुण्यातल्या एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकू मला म्हणाल्या, "निपाणीचे ना तुम्ही? पण मराठी किती छान बोलता हो!" मी गुमान जिलबी उचलली. काकूंचा दोष नाही. महाराष्ट्राला आमचा भाग ठाऊक आहे तो पुलंच्या 'गणगोत'मधल्या रावसाहेबांमुळे, कुंद्यामुळे आणि (कोल्हापूरकरांनी रागावू नये) कोगनोळी नाक्यापलीकडच्या स्वस्त पेट्रोलमुळे. आम्हाला मात्र तिकडचं सगळं पाठ: पंचगंगेची पातळी, मुंबईतली खातेवाटपं, गोकुळच्या निवडणुकीत कोण कुणाचा पाहुणा लागतो तेसुद्धा. कॅनडावाल्यांचंही असंच. तिथली बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेला लगटून राहते आणि वॉशिंग्टनची खडान्‌खडा बातमी ठेवते. अमेरिकन माणसाच्या लेखी कॅनडा म्हणजे बर्फ, हॉकी आणि सारखी माफी मागणारे सज्जन लोक. मोठा शेजारी असाच असतो, प्रेमळ आणि बेखबर. त्यातही कॅनडाचं बरं, त्यांना अमेरिकेत जायचं नाही. आम्हाला १९५६पासून महाराष्ट्रात जायचंय, दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि आमची आठवण निघते ती १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, संध्याकाळच्या बातम्यांपुरती. मला विचाराल तर पाठिंब्याची भाषणं पुष्कळ झाली, आता महाराष्ट्राने आमच्याबद्दल थोडी माहिती करून घ्यावी. सुरुवात इथून करा: संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ साली ज्या साहित्य संमेलनात झाला, ते बेळगावात भरलं होतं.