टिप्परला वेळ ठरवून द्या!

तुमसरहून आंबागड, गायमुखकडे एकदा सायकलने जाऊन बघा. सातपुड्याचे डोंगर, पहाटेची शांतता. सायकल पर्यटनाला आणखी काय लागतं?

पण जिल्ह्यात कुठंही मागून रेतीचा टिप्पर आला, की सायकल रस्त्याखाली उतरवावी लागते. तोल गेला की संपलं!

स्पेनमधल्या डोंगररस्त्यांवर जगभरातून सायकलस्वार जातात. तिथे सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचा कायदाच आहे. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार जड वाहनांवर वेळेचं बंधन घालता येतं.

मग रविवारी सकाळी आणि रोज शाळेच्या वेळेत टिप्पर बंद ठेवा. पर्यटक येतील तेव्हा येतील. सरकारनंच दिलेल्या सायकलवर आपल्या पोरी रोज याच रस्त्यांनी शाळेत जातात.