घरचा उद्योग : खेळांतल्या आगगाडीचा सांधा

आगगाडीच्या खेळांत इंजिन, डबे व रूळ यांजकडे सर्वांचें लक्ष जातें. सांध्याकडे मात्र तो बिघडल्यावांचून कोणी पाहत नाहीं. खऱ्या लोहमार्गावर पूर्वीं सांधेवाला तरफ ओढून गाडीची वाट बदलीत असे. खेळांत तेंच काम बोटानें होतें. परंतु रूळ पार भिंतीपर्यंत गेले व सांधे दहापंधरा झाले, म्हणजे प्रत्येकापर्यंत हात पोंचत नाहीं, आणि विजेच्या यंत्राची गरज भासूं लागते. हा छंद मूळचा युरोप-अमेरिकेंतला. पुण्यास कोथरुडांत १९९८ सालीं उघडलेलें जोशी यांचें लघुरेल्वेचें संग्रहालय पाहून आल्यावर आपल्याकडील मुलेंहि तसाच थाट घरीं मांडूं पाहतात, आणि "आजोबा, याच्या तारा कशा जोडायच्या?" असें विचारतात. त्या प्रश्नाचें उत्तर या वेळीं देण्याचें योजिलें आहे.

आरंभींच एक निर्बंध सांगून ठेवतों. घरांतील २३० व्होल्टांची वीज मेजाखालीं येऊं देऊं नये. पक्क्या पेटींत बंद असलेला तयार ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टर विकत आणावा; त्यांतून जी १२ किंवा १६ व्होल्टांची वीज बाहेर पडते तिजशींच मुलांनीं व्यवहार करावा. ती पेटी उघडण्याची मोकळीक घरांत कोणासहि देऊं नये.

सांधा हलविणारीं यंत्रें मुख्यत्वें दोन जातींचीं असतात. पहिल्या जातींत तारेचीं दोन वेटोळीं व मधें लोखंडी दांडा असतो. ज्या वेटोळ्यांतून वीज जाईल तिकडे दांडा ओढला जातो, व सांध्याचीं पातीं खट्‌कन् सरकतात. यास तारा तीन : दोन वेटोळ्यांच्या दोन, व परतीची सामाईक एक. दुसऱ्या जातींत एक लहानशी मोटर असते. ती दांतेरी चाकांच्या योगानें पातीं दोनतीन सेकंदांत सावकाश सरकविते व शेवटास अडून उभी राहते. अमेरिकेंतील 'टॉर्टोइज', म्हणजे कासव, या नांवाचें यंत्र याच जातीचें.

या दोहोंचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. वेटोळ्यास वीज क्षणभरच, पण भरपूर लागते. सुमारें ४ ओहम विरोधाच्या वेटोळ्यास १६ व्होल्ट दिले तर प्रवाह जवळजवळ ४ अँपिअर जातो, म्हणजे बोटाएवढ्या वस्तूंत साठएक वॅट उष्णता उत्पन्न होते. अर्धा सेकंद तें ती सोसतें. ती तशीच चालू राहिली तर तारेवरील वेष्टन वितळून वेटोळें जळतें. कासवाचें याच्या उलट. अडून उभें असतांना तें १२ व्होल्टांवर अवघे १६ मिलिअँपिअर घेतें, म्हणून त्याची वीज दिवसभर चालू राहिली तरी बाधा नाहीं. अशीं वीस यंत्रें मिळूनहि एका अँपिअरच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच प्रवाह घेतात.

बटनाची निवड यावरूनच ठरते. वेटोळ्यास दाबलें असतां लागणारें व बोट उचलतांच सुटणारें बटन द्यावें. दिव्याचा साधा खटका लावणें म्हणजे तें जाळण्याची सोय करणें होय. कासवास मात्र खटकाच हवा, व पुरवठा एकदिश प्रवाहाचा हवा. सहा टोकांचा दुहेरी खटका घेऊन मधलीं दोन टोकें यंत्रास व एका बाजूचीं दोन पुरवठ्यास जोडावीं. मग त्या बाजूचीं टोकें पलीकडच्या टोकांशीं तिरक्या तारांनीं जोडावीं. खटका फिरविला कीं प्रवाह उलटतो व पातीं दुसऱ्या बाजूस जातात.

आतां घरांतील खरी अडचण. बटन लगेच सोडावें हें मोठ्या माणसाच्या ध्यानांत राहतें. सहा वर्षांच्या मुलाचें बोट इंजिनाकडे पाहतां पाहतां बटनावरच राहून जातें. कधीं बटनाची स्प्रिंगच अडकते. थोड्या वेळानें जळका वास येतो आणि सारें घर त्या पोरावर तुटून पडतें. यंत्रास पैसे पडतात, तें पुष्कळदां परदेशांतून मागवावें लागतें, हें खरें. तथापि माझ्या मतें हा दोष पोराचा नव्हे, तारा जोडणाराचा होय. ज्या वाड्यांत मुलें खेळतात तेथील विहिरीस आपण कठडा बांधतों. मूल पडल्यावर रागें भरूं, असें म्हणून स्वस्थ बसत नाहीं.

वेटोळ्याच्या यंत्रास असा कठडा म्हणजे विजेचा सांठा करणारा कपॅसिटर होय. ट्रान्सफॉर्मरच्या १६ व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह चार डायोडांच्या पुलानें एकदिश करावा. तो १०० ओहम व १० वॅटांच्या रोधकांतून नेऊन ४७०० मायक्रोफॅरडांच्या, ३५ व्होल्ट सोसणाऱ्या कपॅसिटरमध्यें भरावा, व बटनांना वीज त्या कपॅसिटरमधून द्यावी. दोनएक सेकंदांत तो २१ व्होल्टांच्या आसपास भरतो व सुमारें १ ज्यूल ऊर्जा सांठवितो. बटन दाबतांच ती सर्व एकदम वेटोळ्यांत जाते आणि सांधा जोरानें फिरतो. त्यानंतर बोट तसेंच राहिलें तरी मागून येणारा प्रवाह रोधकामुळें पाव अँपिअरहि नसतो, व वेटोळ्यांत अर्धा वॅटहि उष्णता होत नाहीं. साठ वॅटांचें संकट असें टळतें. मात्र कपॅसिटरचें धन टोक धनासच जोडावें. उलट जोडल्यास तो फुटतो. हें काम वडिलांच्या देखरेखीखालींच व्हावें. तयार संचहि मिळतात.

तारेच्या जाडीकडेहि लक्ष द्यावें. ०.२२ चौरस मिलिमीटर छेदाची बारीक तांब्याची तार जाऊनयेऊन १० मीटर झाली कीं तिचा विरोध पाऊण ओहमाहून अधिक होतो, व ४ ओहमांच्या वेटोळ्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच दाबाचा सहावा हिस्सा वाटेंत खर्च होतो. मग पातीं अर्ध्यावर राहतात व गाडी घसरते. वेटोळ्यांच्या तारा, निदान परतीची सामाईक तार, पाऊण ते एक चौरस मिलिमीटरची घ्यावी. कासवास बारीक तार पुरते. जोड नुसते पिळून न ठेवतां त्यांस डाख द्यावा.

जेथें दोन रूळ एकमेकांस छेदतात त्या टोंकदार तुकड्यास इंग्रजींत 'फ्रॉग', म्हणजे बेडूक, म्हणतात. तो धातूचा असल्यास सांध्याबरोबर त्याची विद्युत्‌बाजूहि बदलली पाहिजे. न बदलल्यास रुळांवर शॉर्टसर्किट होतें. हें काम पात्यांच्या स्पर्शावर सोडूं नये, कारण ते धुळीनें लौकरच मळतात. कासवाच्या पोटांत यासाठीं बदलत्या संपर्कांच्या दोन जोड्या असतात : एक बेडकास द्यावी, दुसरी सिग्नलच्या दिव्यास. खऱ्या लोहमार्गावरहि पातीं पूर्ण बसून कुलूप पडल्याची खात्री पटल्यावांचून गाडीस सिग्नल मिळत नाहीं.

शेवटची सूचना पुरवठ्यासंबंधीं. सांध्यांची वीज रुळांच्या विजेपासून निराळी ठेवावी. ज्या अंकीय पद्धतींत रुळांतूनच यंत्रांस आज्ञा व वीज दोन्ही जातात, तेथें हें विशेष महत्त्वाचें. सांधा चुकीचा असतांना इंजिन त्यावर आलें कीं शॉर्टसर्किट होऊन रुळांची वीज बंद पडते. आणि सांध्याची वीजहि तीच असेल तर चूक सुधारण्याचें साधनच नाहींसें होतें.

या उद्योगांत इतका वेळ घालवावा काय, असें कांहीं वडील मंडळींस वाटेल. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें १९४६ च्या सुमारास विद्यार्थ्यांनीं अशाच खेळांतल्या आगगाडीचें एक मंडळ स्थापिलें. त्याच्या मेजाखालीं टेलिफोनच्या रिले जोडणारीं कांहीं मुलें १९५९ च्या सुमारास तेथील संगणकाकडे वळलीं व त्या नव्या विद्येच्या पहिल्या जाणकारांत गणलीं गेलीं. प्रत्येक घरांत असें होईल असें नव्हे. परंतु कोणास क्षणभर व भरपूर द्यावें, कोणास थोडें व सतत द्यावें, हें मेजाखालीं बसून शिकलेला मुलगा पुढें कोणतेंहि यंत्र हातीं आलें तरी प्रथम त्याचा स्वभाव विचारील. तेव्हां येत्या सुटींत आजोबांनीं चष्मा पुसून मुलांबरोबर मेजाखालीं बसावें, व बटनें धाकट्यांच्या हातीं देण्यापूर्वीं कठडा बांधून घ्यावा.